लैलाचा आकडा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

अनघा मॅडम येऊन गेल्या. फोन नाही, काही नाही — गाडी थेट दुकानासमोर. मी एका बंगल्याच्या पंपाची वाइंडिंग भरत बसलो होतो, हात वार्निशनं चिकट. तसाच नमस्कार केला.

माझ्या लेकीच्या, लैलाच्या, पीएचडीच्या गाइड. लैलाची मय्यत झाली त्या दिवशी घरी आल्या होत्या, त्यानंतर आजच. साडेआठ महिने! बाईंचे केस पिकलेत. माझेही पिकलेत, पण माझे आधीपासून पिकायला बसलेच होते.

स्टुलावर बसल्या, चहा घेतला. धरणाचं पाणी, रविवारची गर्दी, असं इकडचं तिकडचं. मी वाट बघत होतो. माणूस मुद्द्यावर यायच्या आधी एक श्वास घेतो, तो मला ऐकू येतो. त्यांनी घेतला.

"इब्राहिमभाई, तो लिफाफा आहे ना तुमच्याकडे?"

आहे म्हणालो.

"बंद?"

बंदच.

मग सांगितलं. विद्यापीठ लैलाला तिच्यामागं पदवी द्यायला तयार आहे. प्रबंधाची पाच प्रकरणं तिनं स्वतः लिहून ठेवलीत. सहावं, निकालाचं, कोरं आहे. लिफाफ्यातला आकडा मिळाल्याशिवाय ते भरता येत नाही. मुदत ३१ डिसेंबर. त्यानंतर फाइल बंद.

बघतो म्हणालो. तीस वर्षं दुकान चालवलं, गिऱ्हाइकाला कधी "बघतो" म्हणालो नाही. हो, नाही तर नाही. आज म्हणालो.

३ नोव्हेंबर

लिफाफा जागेवर आहे. कपाटात, तिच्या शाळेच्या दाखल्यांखाली. काढला, बघितला, ठेवला.

७ नोव्हेंबर

लिहून काढतो. नाही तर डोक्यात नुसतं फिरत राहील.

लैलाचं काम मला जेवढं कळलं तेवढं असं. आकाशात एक जोडी आहे — एक तारा आणि एक कृष्णविवर. एकमेकांभोवती फिरतात. कृष्णविवर ताऱ्याचा वायू ओढून घेतं, पण सगळा गिळत नाही. थोडा दोन्ही टोकांनी बाहेर फेकतं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. ते झोत. मधून मधून हे झोत भडकतात.

आता दुसरी गोष्ट. आपल्या डोक्यावर रात्रंदिवस बारीक कणांचा मारा चालू असतो. वैश्विक किरण. ते येतात हे माणसाला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, पण त्यातले सगळ्यात दांडगे कुठून येतात त्याचा अजून पक्का पत्ता नाही. लैलाचा प्रश्न एवढाच — हे दांडगे कण ही असली झोतवाली जोडी फेकते का?

अडचण ही की त्या कणांवर विजेचा भार असतो. वाटेत चुंबकी क्षेत्रं लागतात, कण वळतात, पुन्हा वळतात. इथं पोचेपर्यंत दिशेला काही अर्थ उरत नाही. मी म्हणालो, घाटात धुकं असलं की ट्रकचा हॉर्न चारी बाजूंनी येतो, तसं. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिनं संस्थेत सगळ्यांना तेच सांगितलं म्हणे. धुक्यातला हॉर्न, सौजन्य अब्बा.

म्हणून ती गॅमा किरण बघत होती. कण जिथं तयार होतात तिथंच तेही होतात, आणि ते वळत नाहीत, सरळ येतात. झोत कोणत्या दिवशी भडकला ते रेडिओ दुर्बीण सांगते. त्याच दिवसांत त्या जागेकडून गॅमा जास्त आले, तर चोर सापडला.

आता लिफाफा.

माणसाला जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. शिकलेल्यांना जास्त दिसतं — हे तिचं वाक्य. म्हणून या लोकांची एक रीत आहे. गॅमा किरण आले त्या सगळ्या वेळा एका गुप्त आकड्यानं पुढं सरकवून ठेवायच्या. इतके दिवस पुढं. मग सगळं काम त्या सरकवलेल्या वेळांवर करायचं — काय ठेवायचं, काय गाळायचं, कसं मोजायचं. ते एकदा कागदावर पक्कं झालं, आता अक्षर बदलायचं नाही असं ठरलं, की मगच आकडा उघडायचा, वेळा जागेवर आणायच्या आणि एकदाच बघायचं. आहे तर आहे. नाही तर नाही.

आकडा संगणकानं काढला, छापला, कोणी न बघता घडी घालून लाखेनं बंद केला. आणि तो बाहेरच्या माणसाकडं ठेवायचा.

बाहेरचा म्हणजे कोण, मी विचारलं.

"तुम्ही," ती म्हणाली.

माझ्या दुकानात पाटी आहे — मोटार आधी ऐकू द्या, मग बोला. गिऱ्हाईक आल्या आल्या सांगतं, बेअरिंग गेलंय. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवून मूठ कानाला लावली की मला बेअरिंगच ऐकू येतं! म्हणून आधी गप्प बसवतो. लैला लहानपणापासून त्या पाटीखाली बसून गृहपाठ करायची. तिनं मॅडमना सांगितलं, हा नियम आम्ही घरी पाळतो.

२०२४ चा ऑगस्ट. लिफाफा माझ्या हातात देऊन म्हणाली, मी 'काम संपलं' म्हणेन तेव्हाच द्यायचा. त्याआधी मी रडले तरी द्यायचा नाही. हसत होती. मीही हसलो.

तेराव्या वर्षी वडगावहून निघून तळेगावात उस्तादाकडं राहिलो. त्याच्याच बाकावर झोपायचो. तेव्हापासून माझ्याजवळ दोनच गोष्टी — कान आणि शब्द. तिला ते ठाऊक होतं.

८ नोव्हेंबर

काल इतकं लिहिलं आणि खरं ते लिहिलंच नाही.

१२ नोव्हेंबर

आज लिहितो.

१३ फेब्रुवारी. पुण्याचं हॉस्पिटल. रक्ताचा आजार, पाच महिने चालला होता, आता डॉक्टर आमच्याशी बोलताना फाइलकडं बघायला लागले होते. लैलाचा लॅपटॉप आदल्या आठवड्यापर्यंत पलंगावर होता. मग बोटांत जोर राहिला नाही.

त्या दुपारी ती अनघा मॅडमशी फोनवर बराच वेळ बोलली. एकदा हसलीसुद्धा. फोन छातीवर ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, लिफाफा आणा."

अफसाना, तिची अम्मी, मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

मी विचारलं, काम संपलं?

नाही म्हणाली. दोन चाचण्या राहिल्यात, त्या आता माझ्याकडून व्हायच्या नाहीत. मला फक्त बघायचंय. मी कोणाला सांगणार नाही.

घर तासाभरावर. उठायचं, गाडी काढायची, एवढंच होतं. मी उठलो नाही. म्हणालो, "काम संपलं म्हण. लगेच आणतो."

खोटं म्हणाली असती तरी आणला असता. खुदाकसम आणला असता. मी वाट बघत होतो की म्हणेल.

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. "नाही संपलं," म्हणाली.

"मग नाही."

डोळे मिटले तिनं. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं."

पाच दिवसांनी गेली.

ते "बरं" मी नऊ महिने ऐकतोय. रस्त्यावरून पंपाचा आवाज ऐकून कुठला खटका आहे ते सांगणारा मी — मला त्या एका शब्दातलं कळत नाही. राग होता, थकवा होता, की काय होतं.

बाहेर पॅसेजमध्ये अफसाना एवढंच म्हणाली, "लेकीपेक्षा शब्द मोठा झाला तुम्हाला." त्या दिवसापासून ताट वाढते, पण माझ्यासोबत जेवायला बसत नाही. भांडण नाही. चहा वेळेवर येतो. साखरसुद्धा बरोबर असते.

आणि आता तोच लिफाफा मी परक्यांना नेऊन देऊ? जो तिला दिला नाही?

१९ नोव्हेंबर

अफसाना भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता — द्या, नाही तर जाळा. घरात नको.

२५ नोव्हेंबर

आज अब्रू गेली.

वलवणचा कोंडाजी विहिरीची मोटार घेऊन आला. वयानं मोठा, जुना दोस्त, तोंडाळ. टेम्पोतून उतरायच्या आधीच सुरू — बेअरिंग गेलंय मिस्तरी, लय कुरकुरतंय. मी त्याला गप्प बसवायचं विसरलो. ऐकलं, बेअरिंगच वाटलं. बदलून दिलं.

दुपारी चारला परत!

"मिस्तरी, बेअरिंग नवं झालं, कुरकुर जुनीच हाय."

पंप खोलला. आतल्या पंख्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा अडकलेला. बेअरिंग चांगलं होतं. मी चांगलं काढून फेकलं होतं. वीस वर्षांत असं झालं नाही.

कोंडाजीनं पाटीकडं बघितलं. म्हणाला, ही मला द्या, गोठ्यात लावतो. म्हैस वरडायच्या आत आमची इठाबाई सांगती, तिला काय झालंय ते.

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग तो बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसला. म्हणाला, पोरीचं शाळंचं काम तुमच्यापाशी अडलंय म्हनं. अफसानानं त्याच्या बायकोला, विठाबाईला, सांगितलेलं दिसतं. कसला आकडा, मटक्याचा का? त्याला मटकाच कळतो. मी समजावून सांगितलं, जमेल तसं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"मंग त्यात काय निघंल?"

मी म्हणालो, निघेल. तिनं शोधलं ते निघेल. बरोबरच असणार ती.

"तुमाला कसं ठावं? तुमी कुटं खोलून बघितलंय?"

एवढं बोलून तो मोटार उचलायला गेला. त्याच्या ध्यानातही नसेल. मी तिथंच बसून राहिलो. नऊ महिने मी त्या बंद पाकिटात "आहे" असंच ऐकतोय. मी तिचा एक आनंद अडवून धरला, असं. बेअरिंगसारखंच. आतलं काही न बघता.

४ डिसेंबर

मॅडमना फोन केला. आधी विचारलं — त्या दोन चाचण्यांचं काय झालं?

झाल्या म्हणाल्या. सत्यम म्हणून तिच्यासोबतचा विद्यार्थी आहे, त्यानं केल्या. लैलानं लिहून ठेवलं होतं त्याप्रमाणे, अक्षर न बदलता. जूनमध्येच. तेव्हापासून सगळे थांबलेत.

जूनपासून! आणि बाई नोव्हेंबरमध्ये आल्या. मधल्या काळात एक फोन नाही, तगादा नाही.

"म्हणजे काम संपलं?" मी विचारलं.

"संपलं, इब्राहिमभाई."

हे तिनं म्हणायचं होतं, मी म्हणालो.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, फोन जरा लांब धरून.

सोमवारी पंधरा तारखेला येतो म्हणालो. अफसानाला सांगितलं. ती म्हणाली, मी पण.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला निघालो, व्हॅननं, जुन्या हायवेनं. लिफाफा अफसानाच्या मांडीवर. सोमाटण्यापर्यंत एक शब्द नाही. तिथं फाट्यावर म्हणाली, "लहानपणी तिला इथंच मळमळायचं." मी म्हणालो, हो. बस्स.

संस्थेत लहानशी खोली. अनघा मॅडम, सत्यम, अजून चारपाच पोरंपोरी. आम्ही आत गेलो तशी सगळी उठून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेनात. मॅडमनी मला लाख तपासायला लावली. तपासली. कोणी उघडला नाही, अशा कागदावर सही घेतली. लिफाफा फोडायची वेळ आली तेव्हा मी अफसानाच्या हातात दिला. तिनं लाख मोडली नाही, कडेनं नखानं हळू फाडला. टपालाचं तिकीट वाचवायला ती पाकीट उघडते, तसा.

चिठ्ठीवर एकच आकडा. १४७.

सत्यमनं तो संगणकात घातला. दोनदा पुसून पुन्हा घातला. अर्धा तास लागला. चहा आला, कोणी घेतला नाही. मी पंख्याचा आवाज ऐकत बसलो — संगणकातल्या. चांगला पंखा होता.

मग पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची झोताची — डोंगर, दरी, डोंगर. खालची गॅमाची. वरचा डोंगर आला की खालीही उठायला पाहिजे होता. मला समजावून सांगायची गरज पडली नाही. खालची रेघ बंद मोटारीसारखी. जरा थरथर, ती तर नेहमीची असते. बाकी काही नाही. कुठंच नाही.

 सत्यमनं चष्मा काढला.

मॅडम म्हणाल्या, या जोडीत नाही. आपल्या यंत्राला जेवढं बारीक ऐकू येतं, तेवढ्यात तरी नाही. दुसऱ्या जोड्यांमध्ये असेल, तिथं शोध चालूच आहे. पण इथं जास्तीत जास्त किती असू शकतं, त्याची हद्द लैलाच्या पद्धतीनं आज आखली गेली. पुढच्याला ती पाळावी लागेल. हेही उत्तर आहे, इब्राहिमभाई. कच्चं नाही, पक्कं.

मी मान हलवली. मोटार खोलून वाइंडिंग शाबूत निघाली तर तीही खबरच असते, हे मला माहीत आहे.  तरी व्हॅन कुठं लावली ते आठवेना.

१६ डिसेंबर

मला वाटलं होतं हलकं वाटेल. काल परतताना अफसानाला म्हणालो, बघ, नव्हतंच काही. बरं झालं ना तिला कळलं नाही ते.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही तर नाही. कळलं तर असतं. तेवढंच मागत होती ती."

 

१८ डिसेंबर

दोन मोटारी परत पाठवल्या. आज ऐकू येत नाही म्हणालो. गिऱ्हाइकाला वाटलं कानात मळ असेल.

२९ डिसेंबर

प्रबंध दाखल झाला. मुदतीच्या दोन दिवस आधी. मॅडमनी एक प्रत घरी पाठवली. निळी बांधणी, वर सोनेरी अक्षरात नाव — लैला इब्राहिम मुलाणी. आत सगळं इंग्रजी आणि आकडे. सहावं प्रकरण अकरा पानांचं. विद्यार्थ्याच्या सहीची जागा मोकळी ठेवलीय.

अफसानाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. तरी दुपारभर एकेक पान उलटत होती. लैलाचं नाव तेवढं ओळखते, ते आलं की थांबायची. मी दारात उभा होतो. तिला माझी चाहूल लागली, पण मागं वळली नाही.

ताट आज पण एकट्यानंच.

९ जानेवारी २०२६

कुरिअरनं पाकीट आलं, अनघा मॅडमचं. आत एक लिफाफा — लाखेचा, बंद, फोडलेल्या पहिल्याचाच जुळा! सोबत चार ओळी. ही आकड्याची दुसरी प्रत. तुमची हरवली तर, किंवा लैलानं स्वतः मागितली तर काढायची, म्हणून पहिल्या दिवसापासून आमच्या कपाटात होती. तुमची हरवली नव्हती आणि तिनं शेवटपर्यंत मागितली नाही. आता ही तुमच्याकडेच असू दे.

लाखेच्या खाली लैलाची सही. ऑगस्टची तीच तारीख.

अफसानाला दाखवला, चिठ्ठी वाचून दाखवली. ती माझ्या शेजारी खाली बसली. सहीवरून बोट फिरवत राहिली. त्या दुपारी फोन तिच्या छातीवरच होता, म्हणाली. मॅडमना नुसतं 'उघडा' म्हणाली असती तरी झालं असतं. मरत्या पोरीला तिथं कोणी नाही म्हटलं नसतं.

मग माझ्याकडं बघितलं.

"म्हणून तुमच्याकडं मागितला."